नऊशे ऐंशी अंश

अत-बाशीच्या माझ्या वर्कशॉपात
मेदेतचा ट्रक रात्रभर निजलेला,
आरशांवर बर्फाची साय,
आणि डॅशबोर्ड सांगत होता: मी पेटलोय.

खिंडीपासून तो तीसच्या वर धावलाच नव्हता.
मागे तीन हजार थर्मास, काशगरचे,
पुढे चढ, आणि इंजिन
दुधानं तोंड पोळल्यासारखं
ताकसुद्धा फुंकून पिणारं.
एका गॅरेजवाल्यानं कोड पुसला, तो दोन वळणांत परत आला.
दुसरा म्हणाला, अख्खा फिल्टर बदल.
म्हणजे दोन घोडे विक.

मी आधी हातमोजा काढला.
मामा म्हणायचा, यंत्राला विचारण्याआधी तळव्याला विचार.
पाइपला कातडी चिकटली,
सोडवताना थोडी तिथंच राहिली.

मग स्कॅनर जोडला.
चार सेन्सर, एकाच नळीवर, एकाच रात्रीत झोपलेले.
उणे बावीस.
उणे बावीस.
उणे एकवीस, त्याला सकाळचं ऊन लागलं असावं.
आणि फिल्टरच्या तोंडाशी बसलेला:
नऊशे ऐंशी.

एवढ्या तापात लोखंड लाल होतं.
मेदेतचा चहा मात्र
बंपरवर ठेवल्या ठेवल्या गोठत होता.

तरी मी त्याला लगेच खोटा म्हटलं नाही.
साक्षीदार खोटा असू शकतो,
निरोप्याही,
आणि ऐकून घेणाराही.

प्लग काढला, मल्टिमीटर लावला.
शेजाऱ्यानं एकशे त्र्याऐंशी ओहम दाखवले, थंडीला शोभतील असे.
याच्या दोन टोकांमध्ये काहीच नाही.
आत केसाएवढी तार, कधीतरी तुटलेली.
तुटलेपण कॉम्प्युटर आग म्हणून वाचतो,
गप्प बसण्यासाठी त्याच्याकडे वेगळा आकडा नाही.

ड्रॉवरमधून दोनशे ओहमचा रेझिस्टर काढला,
तांदळाच्या दाण्याएवढा,
आणि प्लगच्या दोन छिद्रांत खोचला.
स्क्रीनवर शून्य अंश.
म्हणजे वायर शुद्धीवर, कॉम्प्युटरही.
गेलाय तो सेन्सरच.

मेदेत हसला. "मग हाच राहू दे की.
टेप गुंडाळ. नारीनला आज पोचायचंय."

शून्य.
चढावर शून्य, उतारावर शून्य,
फिल्टर खरोखर पेटला तरी शून्य.

माझा नवरा याकुत्स्कला आहे, हा तिसरा हिवाळा.
दर रविवारी फोन करतो.
ठीक आहे, म्हणतो.
खोकतो, आणि ठीक आहे म्हणतो.
गेल्या वर्षी परांचीवरून पडला, ते मला
त्याच्या खोलीतल्या उझबेक पोरानं कळवलं,
अकरा दिवसांनी.

मी रेझिस्टर उपसून खिशात टाकला.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी बिश्केकच्या मिनीबसमधून आला,
कुणाच्या तरी लग्नाच्या पिठाच्या पोत्यावर बसून.
जुना निघता निघेना.
तेल सोडलं, टॉर्चनं शेकलं,
मामाच्या ठेवणीतल्या दोन शिव्या खर्च केल्या.
निघाला तेव्हा हातात काय, पेन्सिलीएवढा काळा तुकडा.
मेदेत म्हणाला, "एवढ्याशानं?"

नव्याच्या आट्यांना पेस्ट फासली, आवळला.
किल्ली फिरवण्याआधी चौघंही उणे एकोणीस.
मग इंजिन लागलं
आणि ते एकमेकांपासून दूर जाऊ लागले,
टर्बोजवळचा धावत, शेपटीकडचा रेंगाळत,
जसे जायला हवेत तसे.

मेदेतनं पैसे दिले, वर एक थर्मास.
झाकण धड बसत नाही त्याचं,
दुपारपर्यंत चहा कोमट होतो.

रविवारी तो जवळ घेऊन बसले.
फोन आला. म्हटलं, ठीक आहे नंतर सांग,
आधी सांग, तिकडे उणे किती?
"त्रेचाळीस," तो म्हणाला.
आणि खोलीत?
पलीकडे बराच वेळ
नुसता त्याचा श्वास.
मी फोन ठेवला नाही.